सोमनाथच्या नावाची सावली

लताबाई गायधनींची एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटांचे ताव तपासण्यात गेली. शंभर तिकिटांच्या तावात एखाद्या तिकिटाची शाई केसभर सरकलेली असली, तरी त्यांचं बोट नेमकं तिथे जाऊन थांबायचं. २००४ च्या दसऱ्याआधी त्या निवृत्त झाल्या आणि नजरेला काम उरलं नाही. मग जेल रोडवरच्या 'श्रमसाफल्य' बिल्डिंगमध्ये त्या शेजारणींच्या रांगोळ्यांतले ठिपके मोजू लागल्या. शेवटी लताबाई जिन्यात नाहीत हे बघूनच बायका रांगोळीला बसायच्या.

मुलगा ललित नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरातच राहिला. शालिमार चौकातल्या फुटपाथवर लताबाईंना एक जाडजूड मराठी पुस्तक मिळालं. फोटोशॉपमध्ये अक्षरं कशी सजवायची, त्याचे चाळीस धडे. आगीची अक्षरं, बर्फाची, सोन्याची, लाकडाची. अनारश्यांची कृती वाचावी तशा त्या एकेक पायरी बोट ठेवून वाचायच्या आणि मग माउस हलवायच्या.

पहिले दोन महिने मजेचे गेले. त्यांची आग करपलेल्या वांग्यासारखी दिसायची. मराठी जोडाक्षरं मधेच फुटायची. कोणाच्या तरी सत्यनारायणाचं निमंत्रण त्यांनी बर्फाच्या अक्षरांत केलं, तर गुरुजींनी हे थंड पेयांचं दुकान आहे का, असं विचारलं. लताबाई स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या.

एकोणिसाव्या धड्याने मात्र त्यांचं नाव झालं. अक्षरांना सावली देणे. प्रकाश डावीकडून वरून येतो असं धरायचं, कोन घालायचा, सावली थोडी मऊ करायची. अक्षर कागदावरून बोटभर वर उचलल्यासारखं दिसे. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला तशी पाटी हवी झाली. संक्रांतीपर्यंत चौदा दारांवर लताबाईंच्या पाट्या लागल्या. रंगीत छापून, प्लास्टिकमध्ये बसवून.

पंधरावी समोरच्या वत्सलाबाईंची. वत्सलाबाई मूळच्या सिन्नरकडच्या. त्यांचे यजमान सोमनाथ सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला होते. त्र्याण्णव सालच्या ज्येष्ठात एका सकाळी ते घरातून निघाले, पण कारखान्यात पोचलेच नाहीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांनी शोधलं, भावाने शोधलं. तेव्हापासून वत्सलाबाई कमी बोलायच्या, हळदीकुंकवाला जायच्या नाहीत.

"दोघांची नावं टाका," त्या म्हणाल्या. "यांचं वर."

लताबाईंनी नेहमीपेक्षा ठसठशीत टाइप निवडला आणि पाटी करून दिली.

मार्चच्या सुरुवातीला दूध घ्यायला दार उघडलं, तर लताबाईंची नजर समोरच्या पाटीवर अडली. 'वत्सला'ची सावली उजवीकडे खाली पडली होती, बाकी चौदा पाट्यांसारखीच. 'सोमनाथ'ची डावीकडे होती, आणि लांब.

चूक आपलीच, असं समजून त्यांनी फाइल उघडली. फाइलमध्ये सावली उजवीकडे होती. दुपारी जेवण करून त्या पुन्हा बाहेर आल्या, तेव्हा ती अक्षरांच्या पायाशी गोळा झाली होती. पाच वाजता उजवीकडे लांबली. दिवेलागणीला नाहीशी झाली.

त्यांच्या जिन्यात ऊन कधीच येत नसे. दिवसभर ट्यूबलाइट जळायची.

लताबाईंनी नवी पाटी छापली. तिच्यातही तेच. मग त्यांनी प्रेसच्या सवयीने वही घातली. भिंग, फूटपट्टी, वेळ, लांबी. आठ दिवसांची टिपणं झाल्यावर त्यांनी वत्सलाबाईंना दारात बोलावलं आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागल्या.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "ते उन्हात हायेत, लताताई. कुठंतरी उन्हात उभे हायेत."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लताबाईंच्या अंगावर आलेला काटा तिथेच विरला.

त्यानंतर बिल्डिंगला नवा नाद लागला. येताजाता बायका पाटीकडे बघायच्या आणि सोमनाथरावांची दुपार झाली का ते सांगायच्या. वत्सलाबाई पाटीसमोर चहा घेऊन बसू लागल्या. बारा वर्षांनी त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या. शेवया करताना गुणगुणू लागल्या. घाबरायचं असतं, हेच जणू सगळ्या विसरल्या.

लताबाईंना मात्र ठिकाण हवं होतं. त्यांनी गच्चीवर काठी रोवली. काठीची सावली दुपारी पाऊण वाजून गेल्यावर सर्वांत आखूड व्हायची, पाटीवरची एक वाजून गेल्यावर. रोज सोळा मिनिटांचा फरक. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे चार अंश पश्चिमेला. ललितच्या शाळेच्या नकाशावर त्यांनी पट्टी उभी ठेवली. पट्टीच्या खालच्या टोकाला समुद्र आला, वरच्या टोकाला कच्छ आलं.

मे महिन्यात सोमनाथचा धाकटा भाऊ कारभारी सिन्नरहून आला. सज्जन माणूस. चपला काढून अवघडून खुर्चीच्या टोकावर बसला. बारा वर्षं भरतील, आता दादाचा दर्भाचा पुतळा करून रामकुंडावर क्रिया उरकून घेऊ, असं त्याने समजावून सांगितलं. गुरुजींनी ज्येष्ठातला दिवस काढून दिला होता. दादाच्या जिवाची वाट मोकळी व्हावी एवढीच त्याची इच्छा होती. बोलताना त्याचे डोळे भरले.

वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्याला पाटीपाशी नेलं.

कारभारी बराच वेळ बघत राहिला. भिंतीवर बोट फिरवून बघितलं, ट्यूबलाइटकडे बघितलं.

"वहिनी, ही काढून ठेवा," तो म्हणाला. "मला नाय बरं वाटत."

"जित्या माणसाची क्रिया करू का मी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

तो चपला घालून निघाला. क्रियेचा दिवस मात्र त्याने बदलला नाही.

त्या दिवसाच्या आठवडाभर आधी वत्सलाबाईंनी सोमनाथरावांना शोधायला निघायची पिशवी भरली. सोबत येते, असं लताबाईंनी दोनदा सांगितलं. वत्सलाबाईंनी हसून मान हलवली. तुम्ही पाटीवर लक्ष ठेवा, तेच काम तुम्हाला चांगलं जमतं, असं म्हणाल्या. तळमजल्यापर्यंत सगळ्या बायका पोचवायला आल्या होत्या. कोणी दशम्या दिल्या, कोणी ओटी भरली. लेक सासरी निघावी तशा वत्सलाबाई कच्छच्या वाटेवरच्या सुरतेच्या एसटीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी 'वत्सला'ची सावलीही फिरू लागली.

लताबाईंनी वहीत दुसरा रकाना आखला. तिची दुपार गच्चीवरच्या काठीपेक्षा रोज थोडी जास्त उशिरा व्हायची. दोन मिनिटं, मग पाच, नऊ. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत आकडा विचारला जायचा. कारभारीच्या गुरुजींचा दिवस आला तेव्हा पंधरा झाले होते. वत्सलाबाई नाहीत म्हणून क्रिया राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सोळा झाले. दोन्ही सावल्या एकाच वेळी, एकाच लांबीच्या.

भेटले. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले. लताबाईंनी कारभारीला फोन केला, तर तो पलीकडे रडू लागला. आता पत्र येईल, आता दोघं येतील. पोस्टमनला रोज कोणी ना कोणी अडवायचं.

पत्र आलं नाही.

जुलैत इकडे आभाळ दाटून राहिलं. पाटीवर लख्ख ऊन होतं. तिकडे पाऊस नाही, एवढंच सगळ्या म्हणायच्या.

श्रावणातल्या एका सकाळी लताबाई वही घेऊन दारात आल्या. काहीतरी कमी होतं. सवयीने त्यांनी भिंग लावलं.

अक्षरांचा रंग उतरत होता. वरचं आणि खालचं नाव, सारखंच. शेजारच्या पाट्या नव्यासारख्या होत्या.

त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर पांढरा कागद होता.

नारळी पौर्णिमेला कारभारी आला. वर येऊन थांबला. पाटीवर त्याच्या भावाचं नाव उरलं नव्हतं, वहिनीचंही नव्हतं. प्लास्टिकमागे कोरा कागद, आणि त्यावर दोन नावांच्या नुसत्या सावल्या, करड्या, मऊ कडांच्या, नीट वाचता येणाऱ्या.

लताबाईंनी वहीत वेळ लिहिली. एक वाजायला आला होता.

लताबाई आणि कारभारी बघत असताना त्या दोन सावल्या हळूहळू, एकाच वेळी, आखूड होत गेल्या.