उतावळ्याची छत्री

दिवा असू दे मध्ये, आणि तुम्ही जरा जवळ सरका. आत्याची ही हकिकत मी सहसा सांगत नाही. लोक ऐकताना हसतात आणि मग घरी जायला सोबत मागतात.

महायुद्धातल्या एका लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचा इतिहास मी लिहीत होते. उडणारे सगळे केव्हाच गेलेले. त्यांच्या हवाई तळावरचं एकच माणूस उरलं होतं, माझी आत्या. ती विमान चालवायची नाही, वैमानिकांची पॅराशूटं घडी घालून द्यायची. तेव्हा ऐन विशीतली होती. पोरं तिला ‘छत्रीवाली’ म्हणायची.

इतिहास जवळपास लिहून झाला होता. फक्त एका वैमानिकापाशी अडले होते. त्याचं टोपणनाव उतावळ्या. भोंगा वाजला की बाकीचे बूट चढवेपर्यंत हा आभाळात. एकदा तर एकाच बुटावर गेला होता. एका धुकट दिवशी त्याचं विमान पडलं. मोडतोड सापडली, तो सापडला नाही. ‘परतला नाही’, एवढंच मी लिहिलं होतं.

आत्यानं ते वाचलं आणि चष्मा काढला.

“त्याच्या छत्रीची घडी मी घातली होती. ती उघडली की नाही, तेवढं मला कळायला हवं. गाडी काढ.”

“पण विचारणार कोणाला?”

“त्यालाच. दुसऱ्या कोणाला माहीत असणार?”

नव्वदी ओलांडलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी गाडी काढली.

त्या जुन्या तळावर पोचलो तेव्हा दुपार होती, पण धुकं असं दाटलं होतं की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. जुन्या धावपट्टीवर आता ट्रक चालवायला शिकवतात. आत्या जिथे छत्र्यांच्या घड्या घालायची, त्या लांबलचक हॉलमध्ये सोफ्यांचं गोदाम झालंय. गोदामवाल्यानं किल्ली दिली.

“मी बाहेरच थांबतो,” तो म्हणाला. “सोफ्यांवर मात्र बसू नका. बसलेले असतात.”

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल एकेकाची.

आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोफ्यांच्या रांगा होत्या. नव्या फोमचा वास. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. थोड्या वेळानं फोमच्या वासाखालून दुसरा वास वर आला, पेट्रोलचा आणि ओल्या चामड्याचा. मग प्लास्टिक चुरचुरलं.

समोरच्या सोफ्याची गादी हळूहळू खाली दबली. एखादा माणूस टेकावा तशी. मग त्याच्या शेजारची. मग मागच्या रांगेतली...

मी आत्याची बाही ओढली. “आत्या... चल ना.”

“थांब गं. पोरं आत्ता कुठे बसतायत.” तिनं काठी आपटली. “पाय खाली घ्या रे. नवे सोफे आहेत.”

प्लास्टिकची एकच धांदल उडाली आणि मग सगळं चिडीचूप झालं. मी डोळे गच्च मिटून घेतले.

“उतावळ्या आलाय का?” आत्यानं विचारलं.

अगदी जवळून एक कोवळा पुरुषी आवाज आला. “केव्हाचा... तूच आली नाहीस.”

आत्या बोलेना. मला ते त्या आवाजापेक्षा भीतिदायक वाटलं. आत्याला गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“छत्री...” ती शेवटी म्हणाली. “उघडली होती का रे?”

“उघडली की. काय सुंदर उघडली...”

“मग?”

“खाली आलो आणि झाडात अडकलो. वाटलं, जमीन आलीच पायाखाली. छत्रीच्या पट्ट्यांचं बकल सोडलं.”

“खाली बघितलंस?”

“धुकं होतं ना...”

“किती खाली होती जमीन?”

“पुष्कळ.”

कोणीतरी हसू दाबलं. मग सगळ्या सोफ्यांचं प्लास्टिक गदगदायला लागलं.

“गाढवा,” आत्या म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “अख्खा जन्म मी अंथरुणावर पडून ती घडी पुन्हा पुन्हा घालून बघितली. दोरी कुठे गुंतली असेल, कोपरा कुठे चुकला असेल. नोकरी सोडली. त्यानंतर घरात साध्या चादरीची घडी घालवली नाही मला. आणि तू बकल सोडलंस.”

“चुकलंच,” आवाज ओशाळला. मग हळूच म्हणाला, “एकही दोरी गुंतली नव्हती... शपथ.”

मी आता कुठे डोळे उघडले, तर आत्या चष्मा पुसत होती. निघताना एकेक गादी वर आली. मुलं उठून उभी राहिली असावीत.

“बसा, बसा,” ती म्हणाली. आम्ही बाहेर पडलो.

परतताना आत्यानं दोघींचेही सँडविच एकटीनं खाल्ले. मग म्हणाली, “तो मागे उभा होता ना, तो आपल्यातला नव्हता हं.”

“कोण मागे?”

“तू डोळे मिटले होतेस. गणवेश शत्रूचा होता. आपल्याच कोणीतरी पाडलं असेल. बिचाऱ्याला कोणी बसायला जागासुद्धा देत नव्हतं. भाषा कळेना, पण हातवाऱ्यांवरून कुठे राहता, असं विचारत असावा.”

“मग?”

“पत्ता लिहून दिला.”

“आत्या...”

“माझा नाही. माझ्याकडे केवढे जिने. तुझा दिला. तुझ्याकडे लिफ्ट आहे.”

इतिहासात मी ‘छत्री उत्तम उघडली’ असं लिहिलं. संपादकांनी आधार विचारला. प्रत्यक्षदर्शी, म्हटलं. आत्या आता दुपारीसुद्धा घोरते.

मी एकटीच राहते. परवा किल्ली घरात विसरले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, डोकं भलतीकडेच होतं. कोपरानं बेल दाबली आणि मग लक्षात आलं की आत कोणीच नाही.

दार आतून उघडलं. अगदी अदबीनं... आणि माझ्या हातातली जड पिशवी कोणीतरी घेतली.