साखरेचे खडे

आमच्याकडे बर्फावर निघालेली माणसं मोजत नाहीत. मासे मोजा, कांद्याच्या माळा मोजा, माणसं नाही. मोजली की सरोवराला आकडा कळतो, असं म्हातारे म्हणतात.

मोठ्या उपासाआधीच्या आठवड्यात पेपुस सरोवर घट्ट गोठलेलं असतं. सगळा गाव घोड्यांना घसरगाड्या जुंपून बेटाकडे सहलीला जातो. सोबत घोंगड्या आणि लोणी लावलेली धिरडी. बेटाच्या आडोशाला बर्फात भोकं पाडून मासे धरायचे, तिथेच रस्सा रटरटवायचा, बायकांनी गाणी म्हणायची. गेल्या वर्षी माझी बायको फेदोस्याही गायली. मी तापाने घरी होतो. परत निघताना आमच्या शेजारच्या येफिमने ओरडून विचारलं, "आले का सगळे?" कोणीतरी "आले" म्हणालं. प्रत्येक गाडीला वाटलं, फेदोस्या दुसऱ्या गाडीत बसली असेल.

शोधायला गेलो तेव्हा मासे धरायची भोकंही गोठून गेली होती, बर्फ अखंड होता. देह सापडला नाही. माती देता आली नाही.

यंदा मीही निघालो. कोणाला मागे राहू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. चहा आम्ही साखरेचा खडा दातात धरून पितो, त्यामुळे साखरेला कोणी नाही म्हणत नाही. काठावर गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मी एक खडा ठेवला आणि त्याच्या नावाचा दुसरा थैलीत टाकला. परतताना तेही वाटायचे. थैली रिकामी झाली की सगळे आले. मोजायला नको.

"काय निकोदिम, मेंढरं मोजतोस का रे?" येफिम हसला.

"साखर वाटतोय."

"मग मला दोन दे. मी दोघांची जागा घेतो."

त्याची बायको उलिता दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, घ्या ना गप. त्यांना बरं वाटतं तर वाटू द्या."

मी एकच दिला.

बेटापाशी ऊन होतं. रस्सा चांगला झाला होता. मला चव लागली नाही. पहिलाच घोट घेताना येफिमने मान वर केली.

"कोण गातंय?"

कोणीच गात नव्हतं.

"कानात मासा शिरला तुझ्या," म्हातारा सावाती म्हणाला. सगळे हसले. येफिम हसला नाही. वाडगा खाली ठेवून, घोडे बघून येतो म्हणाला आणि उठला.

दुपार कलली तसा बर्फ भुरभुरायला लागला. सगळे डोळ्यांपर्यंत शाली गुंडाळून गाड्यांत बसले. मी थैली घेऊन प्रत्येक गाडीपाशी गेलो. शालींतून हात बाहेर येत होते. मी खडा ठेवत होतो.

शेवटच्या गाडीच्या टोकाशी एक हात उघडा होता. ओला. माझ्या हातमोज्याला लागला. मासे धुतले असतील, असं वाटलं.

थैली रिकामी झाली.

"आले सगळे!" मी ओरडलो. गाड्या निघाल्या.

काठावर उलिता एकेका गाडीत डोकावत फिरली. मग माझ्याकडे आली.

"भाऊजी, हे कुठे आहेत?"

"दुसऱ्या गाडीत असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या गाडीत नव्हता. कुठल्याच गाडीत नव्हता.

"पण तुमची थैली रिकामी झाली ना?"

"झाली."

"मग त्यांचा खडा कोणी घेतला?"

मी थैली उलटी करून झटकली.

कंदील घेऊन आम्ही परत गेलो. बर्फ अखंड होता.

घरी आल्यावर तो हातमोजा मी चुलीवरच्या दोरीवर वाळत घातला. आता सरोवर मोकळं झालंय, कांदे लावून झालेत. उलिता रस्त्यात दिसली की तोंड फिरवते. हातमोजा अजून ठिबकतो. खाली वाडगा ठेवलाय, तो सकाळपर्यंत भरतो.

मी पाणी ओततो. हातमोजा फेकवत नाही.