तिसऱ्या दिवशीचा जोड

जेद्दाच्या जुन्या पेठेतला चपलांचा कारखाना पाडा म्हणणारे पुष्कळ होते. वाचवायला निघालेली रईसा एकटीच होती. दापोलीची ही मुलगी जुन्या इमारतींची तपासणी करायची, आणि एकदा तिने मनावर घेतलं की भल्याभल्यांचं काही चालत नसे.

इमारत होतीच तशी. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची. भिंती समुद्रातल्या प्रवाळी दगडाच्या, बिडाचे खांब विलायतेहून बोटीने आलेले, आणि छताला उत्तरेचा उजेड घेणाऱ्या काचा, कारण कातडं कापणाऱ्याच्या हातावर सावली पडून चालत नाही. बंदरावर उतरलेला हाजी इथे उंबऱ्याशी जोडे काढी, मापासाठी राखेत अनवाणी पाऊल उमटवी आणि तिसऱ्या दिवशी नवा जोड घालून जाई. त्यात कोकणातलेही कितीतरी. रईसाने हे जुन्या कागदांत वाचलं होतं.

अडचण होती पूर्वेच्या भिंतीतल्या तड्याची. रुंदी नऊ मिलिमीटर. तीन दिवसांत तो केसभर जरी वाढला तरी इमारत पाडायची, असं ठरलं होतं.

रविवारी सकाळी तिने दारातच सेफ्टी शूज काढले आणि आत पाऊल टाकलं. घरची सवय, जोडे घालून उंबरा ओलांडला की अम्मी बोल लावायची. साइटवर अनवाणी! ती स्वतःवरच चिडली आणि शूज परत चढवले. चुन्याच्या धुळीत तिची दोन पावलं उमटली होती, डाव्या पायाच्या वाकड्या करंगळीसकट.

सोमवारी त्या पावलांपुरतीच धूळ कुणीतरी झाडून नेली होती. किल्ली तर तिच्याकडे. हवेत ओल्या कातड्याचा वास होता. तडा मोजला, तर आता सहाच मिलिमीटर.

"मोजताना चुकलात तुम्ही," वरिष्ठ इंजिनीअर कुमार सर म्हणाले. "तडा आपोआप मिटत नसतो."

"दोनदा मोजलाय, सर."

त्यांनी स्वतः मोजला. सहाच. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, "उद्या मी बाहेरच थांबतो. इथे जास्त वेळ नका काढू."

माळ्यावर पायांच्या आकाराचे लाकडी साचे रांगेने पडले होते, धुळीने माखलेले. एकच जोडी स्वच्छ होती. त्यातल्या डाव्या साच्याची करंगळी वाकडी होती.

रईसा घाबरली, खोटं कशाला सांगा. पण घाबरून इमारत वाचणार नव्हती. तिने उरलेले खांब मोजून काढले, मगच ती खाली उतरली.

मंगळवारी, तिसऱ्या दिवशी, तिने उंबऱ्याबाहेर शूज मुद्दाम काढले, त्या हाजींसारखे. हातातलं काम अर्धवट टाकणं तिला जमलंच नसतं.

तडा नव्हता. बोट फिरवलं तरी लागेना.

तिने अहवालात शून्य लिहिलं. सही केली.

बाहेर आली तर शूज गायब. त्या जागी चामड्याच्या चपला, तोंड रस्त्याकडे.

"कुणी आलं होतं, सर?"

"कुणीच नाही. मी हललोसुद्धा नाही."

तिने पाय घातले. अगदी मापात बसल्या, करंगळीलासुद्धा जागा सोडलेली.

"वाचली हो तुमची इमारत," कुमार सर म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. "पण या जुन्या कुणाच्या घातल्यात?"

तिने डावा पाय उचलून तळ पाहिला. टाचेची बाहेरची कड झिजली होती, तिच्या सगळ्या चपलांची झिजते तिथेच. वर्षानुवर्षं तीच त्या घालून चालल्यासारखी. आणि तिथे दोनदा ठिगळ लावलेलं होतं.