शेंड्यांवरचा रस्ता

“हा नकाशा तुम्ही केलात? छान आहे. पण हा रस्ता पाण्याखाली असेल.”

मी मान वर केली. पूर नियंत्रण कक्षात सकाळपासून नुसती धावपळ, आणि धरणावरून पाण्याचे आकडे घेऊन आलेला हा भिजलेला सर्व्हेअर माझ्या खुर्चीमागे उभा राहून चुका काढत होता! वर डोळे असे हसरे, की धड रागावताही येईना.

“नदीपेक्षा चांगला उंच आहे तो.”

“उंची कुठून घेतलीत?”

“उपग्रहाची माहिती. फुकट मिळते, सगळ्यांना खुली आहे.”

“सोबतची टीप वाचलीत?”

नव्हती वाचली. फुकटच्या गोष्टीची टीप कोण वाचतं?

“उपग्रह वरून बघतो,” तो हळूच म्हणाला. “दाट झाडी असली, की शेंड्यांनाच जमीन समजतो. या रस्त्यावर झाडं...”

“दुतर्फा. मोठमोठी,” मी म्हणाले.

त्याने वाकून शेजारच्या उघड्या शेतावर बोट ठेवलं. शेत नदीच्याच पातळीला, आणि त्याला लागून असलेला रस्ता एकदम दोन मजले वर! असा रस्ता असतो कुठे?

त्याच रस्त्याने माझे बाबा हॉस्पिटलमधले पेशंट बसमधून घेऊन निघाले होते – माझ्या नकाशावर विसंबून. फोन नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना बाबा फोन उचलत नाहीत. घरात केवढं कौतुक या गोष्टीचं!

“माझी स्कूटर आहे. बसा मागे,” मी त्याला म्हणाले.

“चालवता येते ना नीट?”

“बसा म्हटलं ना!”

गल्लीबोळांतून मी कशी गेले, मला आठवत नाही. वळणावर बस येताना दिसली आणि मी स्कूटर सरळ आडवी घातली.

बाबा तणतणत उतरले. “वेड लागलंय का तुला?”

“पुढे पाणी आहे, बाबा.”

“असेल घोटाभर. तुझ्या नकाशात रस्ता उंच आहे ना? मग आहे!”

त्यांचा तो विश्वास मला सोसवेना.

“नकाशा चुकलाय, बाबा. मी चुकलेय.”

बाबांनी बसकडे बोट दाखवलं. “गाडीत आजारी माणसं आहेत, पोरी. डोंगरावरून केवढा वळसा पडेल! नुसत्या शंकेवर कसा फिरू मी?”

तोवर सर्व्हेअर पुढे रस्त्यावरच्या पाण्यात उतरला होता. गुडघे... कंबर... छाती. एकदम त्याचा पाय सुटला – कशीबशी त्याने एक फांदी धरली.

“मागे फिर!” मी किंचाळले. “ऐकतोयस का? मागे फिर ना रे!”

मघापर्यंत मी या माणसाला ओळखतही नव्हते. आणि आता तो परत आला नाही तर माझं काय होईल, एवढंच मनात होतं.

आला. दात वाजत होते, तरी हसत होता. “बस नाही जाणार, काका.”

“दिसलं मला.” बाबांनी आपला टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. “पण तू कोण रे?”

तो माझ्याकडे बघायला लागला.

“माझ्याबरोबरचा आहे,” मी म्हणाले.

“असं?” बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “मग दोघं पुढे व्हा. तू नेशील त्या रस्त्याने येतो मी.”

माझे डोळे भरून आले. मी स्कूटर सुरू केली. मागून एक हात खांद्यावर आला, थंडगार.

“चालेल...?”

“राहू दे,” मी म्हणाले. “आता काढू नकोस.”