लहान हातांचा पुतळा

त्या दिवशी नगरपालिकेच्या भांडारात दोन पंप, दिव्याचा एक वाकलेला खांब आणि माजी नगराध्यक्ष जमा झाले. भांडारपालाने चौघांचीही सारख्याच आदराने नोंद केली. 'पुतळा, ब्राँझचा, नग एक. उजवा हात उघडा. डावी मूठ मिटलेली.' एकोणतीस वर्षांत त्याची एकही नोंद खोटी ठरली नव्हती, आणि त्याबद्दल त्याला कुणी शाबासकीही दिली नव्हती.

रस्ता रुंद व्हायचा होता म्हणून पुतळा उतरवलेला. उतरवलाच आहे तर नगराध्यक्षांच्या नातवाची जुनी तक्रारही मिटवून टाकायचं ठरलं: आजोबांचे हात देहाच्या मानाने फारच लहान दिसतात. उद्या सकाळी दहाला वेल्डर येऊन ते कापणार होता. मग ते वितळवून नवे, मापातले हात बसवायचे.

दुपारी चारला दारात एक बाई उभी राहिली. भांडारपालाच्या दिवंगत मित्राची, रेकॉर्डच्या कारकुनाची, बायको.

"भाऊजी, ह्यांचे हात इथे आलेत ना?"

त्याला क्षणभर काही कळेना. मग आठवलं. पुतळा घडवायचा ठरला तेव्हा नगराध्यक्ष हयात नव्हते आणि शिल्पकाराला हातांचा नमुना हवा होता. ऑफिसात रिकाम्या हातांचा माणूस म्हणजे रेकॉर्डवाला. तो दोन तास ओल्या प्लास्टरमध्ये हात घालून बसला. साहेबांनी त्याची अर्ध्या दिवसाची रजा मांडली. शिल्पकाराने पुतळा दीडपट केला, हात मात्र साच्यातून निघाले तसेच जोडून दिले.

"कपाटाच्या दारात चेंगरलेली करंगळी वाकडीच आहे बघा अजून," ती म्हणाली. "हे गेल्यापासून एकोणीस वर्षं रोज खालून बघते. चौथरा दोन पुरुष उंच. एकदा हातात घेऊ द्या. उद्या काय उरणार?"

"वहिनी, नगराध्यक्षांच्या परवानगीशिवाय आत कुणाला..."

"मग मागते की. ते आतच आहेत ना?"

भांडारपालाने कुलूप काढलं. "पाच मिनिटं."

आत गंजाचा, ऑइलचा, दमट गोणपाटाचा वास होता. पुतळा पाठीवर पडलेला, तोंडावर पोतं. ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिने उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"गारच आहेत," ती हळूच म्हणाली. "असेच असायचे."

नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला, म्हणून भांडारपाल पाठ फिरवून मोजलेलेच स्क्रू पुन्हा मोजू लागला.

टक.

त्याचा आकडा चुकला.

टक.

"वहिनी...?"

"नखं हो. केवढी वाढलीत... दर रविवारी मीच कापायचे. ह्यांना स्वतःची कधी धड कापता आली नाहीत."

तो वळला नाही. टक. टक. टक.

थोड्या वेळाने ती उठली, नेलकटर पर्समध्ये टाकलं, डोळे पुसले. "डावा राहिला. मूठच उघडत नाहीत. रुसलेत... मी इतका उशीर केला ना."

ती गेल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली: दुःखाने माणसाचं डोकं फिरतं. मग पोतं सारखं करायला तो वाकला. फरशीवर पाच चंद्रकोरी पडल्या होत्या. वरून हिरवट, आणि कापलेल्या कडेला ताज्या, पिवळ्या. त्या कुठल्या सदरात जमा करायच्या हे त्याला ठरवता येईना. त्याने त्या कागदात गुंडाळून खिशात ठेवल्या.

सकाळी साडेनऊला त्याने भांडार उघडलं. पोतं जिथल्या तिथे होतं. त्याने रजिस्टर काढून कालची नोंद दोनदा वाचली. अक्षर त्याचंच होतं. 'डावी मूठ मिटलेली.'

डावा हात उताणा पडला होता. उघडा. पाचही बोटं दाराच्या दिशेने पसरलेली, नखं बोटाच्या पेराएवढी वाढलेली.

"काका, आणू का मशीन आत?" बाहेरून वेल्डरने हाक मारली.

"आज नाही. कागद अपुरे आहेत," भांडारपाल म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदाच कागदांच्या बाबतीत खोटं बोलला होता. मग टेबलाशी येऊन, पुतळ्याकडे पाठ करून, त्याने वहिनींना फोन लावला. "रुसवा गेलाय, लगेच या," एवढंच सांगायचं होतं.

पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना.

आणि मागे, फरशीवर, नखांचा आवाज सुरू झाला. एकेक बोट, करंगळीपासून... रेकॉर्डवाला चहाची वाट बघताना टेबलावर वाजवायचा, तसा.