मास्तरांनी वाचून ठेवलेली पानं

इस्पितळाच्या तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीला दिवस काय नि रात्र काय, सारखंच. खिडकी नाही. पंख्यांची घरघर आणि हिरव्या दिव्यांची उघडझाप, एवढीच तिथली वर्दळ. त्या खोलीचा सगळा कारभार ताई एकट्या सांभाळत. अख्खं इस्पितळ त्यांना ताईच म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा.

त्या सकाळी त्यांच्यापुढे काम होतं ते एक कुरतडलेली वायर बदलायचं. हात वायरीत होते, पण जीव तिसऱ्या मजल्यावर टांगलेला. तिथे ऑपरेशनच्या टेबलावर त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी होती. सगळे तिला चिऊ म्हणत. सात वर्षांची पोर, आणि डोक्यात गाठ. पहाटेच तिचं शेवटचं स्कॅन झालं होतं.

"आत्या, माझ्या डोक्याचे फोटो तुझ्याकडेच आहेत ना? नीट सांभाळ हं," वर नेताना तिने बजावलं होतं.

"डोळ्यांत तेल घालून सांभाळते."

"नको, चुरचुरेल."

ते आठवून ताई एकट्याच हसल्या. तेवढ्यात फोन वाजला. थिएटरमधल्या सिस्टर होत्या, आवाज अगदी दबका.

"ताई, स्क्रीनवरचे फोटो अडकलेत. सुरुवातीचे दिसतात, पुढचं काहीच येत नाही. डॉक्टरीणबाई हात थांबवून उभ्या आहेत... डोकं उघडलंय, ताई."

ताईंनी वळून पाहिलं. ज्या डिस्कवर सगळी स्कॅन साठवलेली, तिचा दिवा लाल झाला होता. डिस्क गेली की मशीन वर फाइल पाठवणंच थांबवते. जुन्या स्कॅनच्या प्रती दुसरीकडे होत्या, पण रोजची नवी प्रत निघायची ती रात्री. पहाटेचं स्कॅन त्या एका मेलेल्या डिस्कवर होतं, आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

त्यांनी डिस्क विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. पलीकडून जांभई ऐकू आली. "मॅडम, मशीन एकदा बंद करून चालू करा. बहुतेक वेळा डिस्क परत उठते."

बुडत्याला काडीचा आधार. ताईंचं बोट बटणावर गेलं.

आणि त्यांच्या पाठीशी कुणीतरी खाकरलं.

सावकाश, घसा साफ करावा तसं. पाठोपाठ खोकल्याच्या गोळ्यांचा तो झोंबणारा, थंड वास आला. ताईंचं बोट जागच्या जागी थिजलं. मागे फक्त रिकामी खुर्ची होती. मास्तरांची.

मास्तर म्हणजे ताईंच्या आधी ही खोली सांभाळणारे गृहस्थ. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण चहा मागितला तरी आधी पाणी का उकळतं ते सांगायचे, म्हणून मास्तर. गेल्या वर्षी याच खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. बंद करून चालू करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "अहो, बंद करायच्या आधी मशीनला विचारा तरी, तुला काय काय आठवतंय!" असं ओरडायचे.

ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मशीनच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो, असं मास्तर समजावून सांगत. कुणी फाइल मागितली की तो डिस्ककडून तिची पानं आणतो आणि मेमरीत मांडतो. काम झालं तरी ती फेकत नाही. न जाणो, पुन्हा कुणी मागेल. हुशार इतका, की दोन पानं मागितली तर पुढची चार आपणहून आणून ठेवतो. जागा अपुरी पडली तरच जुनी पानं टाकतो. पण मशीन बंद केली की सगळी पाटी कोरी.

म्हणजे डिस्क मेली तरी चिऊच्या स्कॅनची थोडी पानं मेमरीत जिवंत असणार. थिएटरमध्ये उघडली तेवढी, आणि पुढची चार. थोडीच. ताईंना ते कळत होतं. तरी त्यांनी मशीनला विचारलं, या फाइलची किती पानं तुझ्याजवळ आहेत?

उत्तर आलं, सगळी.

त्यांनी पुन्हा विचारलं. सगळी. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही गाळलेलं नाही.

आश्चर्य करायला वेळ नव्हता. मेमरी भरत आली होती. एखादं मोठं काम सुरू झालं असतं तर कारभाऱ्याने हीच पानं बाहेर काढली असती. ताईंनी श्वास रोखून फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवायला घेतली. मेलेल्या डिस्कला हातही न लावता पानामागून पान निघत राहिलं. शेवटचं पान उतरलं आणि त्यांनी ते सगळं वर थिएटरला जोडून दिलं.

"आलं!" सिस्टर फोनवर जवळजवळ किंचाळल्याच. "ताई, सगळं दिसतंय!"

दुपार कलली तेव्हा चिऊने डोळे उघडून पाणी मागितलं. गाठ पूर्ण निघाली होती. तळघरात ताई पदरात तोंड खुपसून पोटभर रडल्या.

मग त्या खुर्चीकडे वळल्या. मास्तरांची एक खोड होती. ज्याचं ऑपरेशन असेल त्याची फाइल ते आधी स्वतः मशीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत. म्हणजे पानं मेमरीत तयार राहतात, डॉक्टरांना ताटकळावं लागत नाही. नवी डिस्क वेगवान आली आणि ताईंनी ती प्रथा सोडली. आज फाइल त्यांनी वाचली नव्हती. खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"मास्तर," त्यांनी हात जोडले, "तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पोर वाचवलीत माझी."

पंखे घरघरत राहिले. ताईंना भीती वाटली नाही. घरातलं मोठं माणूस जवळ बसलं की वाटतो तसा आधार वाटला.

संध्याकाळपर्यंत इंजिनिअर नवी डिस्क बसवून, जुन्या प्रती तिच्यावर चढवून गेला. निघण्याआधी ताईंनी सहज पडद्यावर नजर टाकली. मेमरीत एका फाइलची पानं भरत होती. मशीन वाचते तशी झरझर नाही. एक पान... मग थोडं थांबून दुसरं. माणूस चष्मा सावरत वाचतो, त्या चालीने.

उद्या कुणाचंही ऑपरेशन नव्हतं. ताईंनी वाकून फाइलवरचं नाव वाचलं. नाव त्यांच्या भावाचं होतं. फार पूर्वी तो शिडीवरून पडला होता, तेव्हाचं डोक्याचं स्कॅन.

त्यांनी फोन लावला. भाऊ चिऊच्या उशाशी बसला होता, आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, पेज प्यायली थोडी! तुला विचारतेय..."

"एक सांग," ताई हळूच म्हणाल्या. "तुझं डोकं दुखतं का रे?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग खोलीबाहेर आलेल्या पावलांचा.

"चिऊच्या धांदलीत मी घरी कुणालाच बोललो नाही," भाऊ कुजबुजला. "तुला... तुला कुणी सांगितलं?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. पुढचं पान येत होतं.

"तू तिथेच थांब," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरीणबाईंना घेऊन वर येते."