निळ्या चिंधीच्या मागे

"बाई, ही सही ओळखता?" भरपाईच्या सुनावणीतल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला, आणि आईने तो उजव्या डोळ्याजवळ नेला... डावा आता नावापुरताच उरला होता, आणि उजवाही अंधुक!

ओळखणार नाही? त्या सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी तिनेच लेकाचा हात धरून गिरवून घेतली होती.

वर लिहिलं होतं, 'सामना चालू असताना माझी आई सीमेची दोरी ओलांडून आत बसली होती.' म्हणजे चूक तिची! म्हणजे जाळी न बांधता सामना खेळवणारा क्लब धुतल्या तांदळासारखा! दोरीच्या आत शिरलेल्या प्रेक्षकाला भरपाई नाही, असा नियमच होता.

ती आत नव्हती हो! दोरीचा तुटलेला जोड तिनेच त्या सकाळी निळी चिंधी लावून शिवला होता, आणि त्या चिंधीच्या दोन हात मागे ती खुर्चीवर बसली होती. लेकाने षटकार मारला, ती टाळ्या वाजवत उठली, आणि चेंडू... तिच्या पोटच्या पोराने मारलेला चेंडू... थेट डोळ्यावर!

"काकू, खोटं आहे म्हणा," वकीलबाई कुजबुजल्या. "एवढं एकच वाक्य!"

समोर लेक मान खाली घालून बसला होता. शेजारी क्लबचा सेक्रेटरी, देवमाणसाचा चेहरा करून. असली माणसं आईच्या पोटी जन्मतात की कार्यालयात छापली जातात, कोण जाणे! 'सही कर, नाहीतर संघ विसर,' असंच म्हणाला असणार मेला.

त्याला त्या संघात खेळता यावं म्हणून तिने वर्षानुवर्षं लोकांचे पॅड शिवले, हातमोजे सांधले. आता सुई एकीकडे आणि दोरा भलतीकडे! भरपाई हाच तिचा उरलेला घास होता... आणि समोर बसलेलं ते लेकरू, तोही तिचाच घास!

"साहेब, बरोबर लिहिलंय त्याने," ती म्हणाली. "मी आतच होते."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर जिन्यापाशी लेकाने तिला गाठलं. डावीकडून आला म्हणून ती दचकली.

"आई! खोटं का बोललीस?"

"तू बोललास म्हणून. एका घरातल्या दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या तर बरं दिसतं का?"

त्याने बाहीने डोळे पुसले, आणि थबकला. बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. सैल बटणाने तिने त्याला जन्मात कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता! आजचा शर्ट तर तिनेच इस्त्री करून दिला होता.

"आई... हे बटण..."

"कुठलं रे?" असं विचारत ती त्याची दुसरीच बाही चाचपू लागली.

तो हंबरडा फोडून मागे वळला.

"नको रे सोन्या! संघातून काढतील!"

"काढू देत!"

दार आपटलं. ती भिंतीला टेकली. आत सेक्रेटरी खेकसला, खुर्ची सरकली, आणि मग झेल घ्यायला धावताना 'माझा! माझा!' म्हणून मैदान दणाणून सोडणारा तो आवाज... आज फुटलेला, रडवेला...

"साहेब, माझी आई दोरीच्या बाहेर होती. निळ्या चिंधीच्या मागे. तो चेंडू माझा... आणि हे पापही माझंच!"